अचानक माहेरी जावंसं वाटलं तर

ताई, माझं माहेर अकोला. लग्न होऊन पुण्यात आले त्याला नऊ वर्षं झाली. एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये कामाला आहे. आमचा ड्युटी चार्ट गुरुवारी दुपारी लागतो, म्हणजे शनिवार-रविवार सुटी आहे की नाही ते तेव्हाच कळतं. सुटी दिसली आणि त्यात आई फोनवर ‘येऊन जाय न वं’ म्हणाली की मला काही सुचत नाही. पण तोवर शुक्रवारच्या गाडीचं तत्काळ कधीच संपलेलं असतं. एकदा चार्ट लागायच्या आधीच अंदाजाने बसले, तर दोन मिनिटांत वेटिंग. उरतं ते प्रीमियम तत्काळ. गेल्या महिन्यात थ्री एसीला नेहमीच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजून गेले, ते एका दिवसासाठी. हे म्हणाले, ‘तुझं काही प्लॅनिंगच नसतं.’ भाऊ जर्मनीत असतो, तो म्हणतो भारतात रेल्वे एवढी स्वस्त आहे, तुम्हाला किंमत नाही. मला दोघांचाही राग आला. बाबा ७६ वर्षांचे आहेत, आई ७१ची. दोघं तशी ठणठणीत, म्हणून इमर्जन्सी तरी कशी म्हणू? न ठरवता माहेरी जावंसं वाटणं ही आता चैन झाली का?
– अकोल्याची लेक, पुणे

लेकी,

तुझ्या तिकिटाची किंमत वाढवणारा पहिला माणूस रेल्वेत नाही, तुझ्या लॅबमध्ये बसलाय. जरा वेळ जुळवून बघ. गाडी जिथून सुटते त्या स्टेशनवरच्या तारखेच्या आदल्या दिवशी तत्काळ उघडतं: एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. तुझी शुक्रवार संध्याकाळची आझाद हिंद एक्सप्रेस पुण्याहूनच सुटते, म्हणजे तिचं तत्काळ गुरुवारी सकाळी. आणि तुमचा चार्ट लागतो गुरुवारी दुपारी! दर वेळी दोन-चार तासांनी तुझी गाडी चुकते आणि त्या दोन-चार तासांचे तू तिप्पट पैसे भरतेस. चार्ट करणाऱ्या मॅडम किंवा सर जे कोण असतील त्यांना सांग, तोच चार्ट बुधवारी संध्याकाळी लावा. एकटी जाऊ नकोस. लॅबमध्ये सोलापूरची, लातूरची, जळगावची कुणी ना कुणी असेलच, त्यांचीही हीच रड असणार. तिघी-चौघी मिळून गेलात तर नाही म्हणायला त्यांच्याकडे फारसं कारण उरत नाही. सुटी वाढवून मागत नाही आहात, फक्त कागद एक दिवस आधी मागताय.

आता रागाचं बोलू, कारण तो मला पटलाय. तत्काळची सोय १९९७ साली आली तीच मुळी ऐनवेळी निघणाऱ्यांसाठी. तिचा अधिभार आजही अवाच्या सवा नाही. स्लीपरला शंभर ते दोनशे, थ्री एसीला तीनशे ते चारशे रुपये, अंतराप्रमाणे. घाईत निघालेला माणूस एवढं कुरकुर न करता देतो. पण २०१४ साली प्रीमियम तत्काळ आलं आणि त्या ऐनवेळच्या जागांतलाच एक वाटा लिलावाला निघाला. जागा विकल्या जातील तसं भाडं चढतं, रद्द केलं तर दमडी परत नाही. दुपारी तुला तिथे जागा शिल्लक दिसते ती रेल्वेची मेहेरबानी म्हणून नव्हे. तो भाव बघून बाकीच्यांनी मोबाइल खाली ठेवलेला असतो, म्हणून ती उरलेली असते. विमान कंपनीने असं केलं तर मी समजू शकते. अकोल्याला जायला ज्याच्याकडे दुसरी धड सोय नाही त्याच्याशी सरकारी रेल्वेने हे करावं, हे मला अजूनही रुचत नाही. असो. माझ्या रुचण्याने भाडं उतरत नाही.

तर चार्ट बुधवारी लागायला लागला असं धरून चालू. गुरुवारी अकराला तू पुन्हा बसशील, आणि तेव्हा दोन मिनिटांत वेटिंग येऊ नये यासाठी काही गोष्टी आदल्या रात्रीच उरकून ठेव. १ जुलै २०२५ पासून तत्काळ ऑनलाइन काढायला आयआरसीटीसीचं, म्हणजे रेल्वेच्या तिकीट साइटचं खातं आधारशी पडताळलेलं लागतं, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी आधारचा ओटीपीही आला. म्हणजे ज्या नंबरला आधार जोडलंय तो फोन हातात हवा, लॉकरमध्ये नको. (लॅबमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत ना बऱ्याच ठिकाणी? मग चहाची सुटी अकराला घे.) प्रवासी म्हणून स्वतःचं नाव, वय आधीच यादीत भरून ठेव. पैसे कार्डाने भरू नकोस. कार्डाचा बँक ओटीपी येईपर्यंत समोरची हिरवी ‘उपलब्ध’ पाटी पिवळी होते आणि मग लाल. आयआरसीटीसीच्याच वॉलेटमध्ये हजार-दीड हजार टाकून ठेव, एक पायरी वाचते. पहिला अर्धा तास एजंटांना तत्काळ काढता येत नाही, तेव्हा तुझी स्पर्धा तुझ्यासारख्याच माणसांशी आहे. आणि दहाला एसी गेलं म्हणून हताश होऊन उठू नकोस. अकराचं स्लीपर हा वेगळा डाव असतो. रात्रीची गाडी आहे, पावसाळा-हिवाळ्यात स्लीपरने काही बिघडत नाही.

परतीचं तिकीट तू शनिवारी अकोल्यात बसून शोधत असशील, तर तिथेही उशीर होतोय. रविवारी अकोल्याला येणारी आझाद हिंद शनिवारी रात्री हावड्याहून निघालेली असते. तिचं तत्काळ हावड्याच्या तारखेने उघडतं, म्हणजे शुक्रवारी सकाळी. तू अजून पुण्यातच असतेस तेव्हा. लांबून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हा हिशेब लावायचा.

भावाचंही ऐकून घेऊ, बिचारा तिकडून बोलतोय. त्याला विचार, उद्या सकाळी म्युनिकहून हॅम्बुर्गला आयसीईने, म्हणजे तिकडच्या वेगवान गाडीने जायचं ठरवलं तर केवढ्याला पडेल. दोन महिने आधी काढलेलं सवलतीचं तिकीट आणि ऐनवेळचं तिकीट यांत तिकडेही चांगलंच अंतर असतं. पण जर्मनांनी मे २०२३ मध्ये एक गोष्ट केली: महिन्याला ४९ युरोचा एकच पास, देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा. त्याचे दर नंतर वाढले, पण सोय आहे. आयसीईत तो चालत नाही. घाई सोडायची, चार गाड्या बदलायच्या, मग मनात येईल तेव्हा निघा. मला तुझ्याही बाबतीत हेच सांगायचंय. ऐनवेळ, ठरलेली गाडी, आडवं व्हायला बर्थ आणि सकाळी ठरलेल्या वेळी अकोला, हे चारही एकदम मागितलंस की तिप्पट लागतात. यातलं एक काहीतरी सोडून दे, भाव लगेच जमिनीवर येतो. कोणतं सोडायचं ते त्या-त्या शुक्रवारी ठरव.

गाडी सोडलीस तर एसटी आहे. पत्रात तू एसटीचं नावही काढलं नाहीस, याचं मला नवल वाटलं. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या बसना अर्धं तिकीट आहे, राज्याच्या हद्दीत. ऐनवेळी गेलीस म्हणून ते वाढत नाही. गुरुवारी काढ, नाहीतर बसमध्ये चढल्यावर कंडक्टरकडून काढ, पैसे तेवढेच. विदर्भाच्या बस वाकडेवाडीहून सुटतात. शिवाजीनगरचं जुनं स्थानक मेट्रोच्या कामासाठी हललं तेव्हापासून. शुक्रवारी संध्याकाळी तिथलं दृश्य काही रम्य नसतं, ते मी सांगायला नको. फलाटावर पिशव्या, ‘अकोला, अकोला, मेहकर, अकोला’ अशी आरोळी, आणि बस लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे गडी. आगाऊ आरक्षण असेल तर त्या रुमालाला भीक घालायची गरज नाही, आणि आरक्षण ऐन दिवशीही मिळतं. रात्रभर बसून जावं लागतं, सकाळी पाठ कुरकुरते. दर वेळी जाऊ नकोस. पण ज्या शुक्रवारी आईचा आवाज ऐकून पाय ठरत नाहीत, त्या शुक्रवारी वाकडेवाडीपर्यंतची रिक्षा करायची आणि निघायचं. ते तिकीट प्रीमियम तत्काळच्या जवळपासही जात नाही.

यजमानांना कधी तुझ्यासोबत निघायचं असेल तर त्यांना अर्धं नाही, पण एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. १९८८ पासून चालू आहे. एकदा पैसे भरले की त्या दिवसांत कुठेही चढा, कुठेही उतरा. जोडून सुटी आली तर अकोला, शेगाव, वाटलंच तर पुढे चिखलदरा.

बर्थ सोडलास तर दिवसाची गाडी आहे. ऑगस्ट २०२५ पासून पुणे-अजनी (नागपूर) वंदे भारत धावते. पुण्याहून सकाळी निघून अहिल्यानगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, शेगावमार्गे दुपारी अकोल्यात. खुर्चीची गाडी आहे, भाडं साध्या गाडीपेक्षा जास्तच, पण ते एकच ठरलेलं. राजधानी-दुरांतोला २०१६ पासून जागा विकल्या जातील तसं भाडं चढवतात, ते हिला लागू नाही. तत्काळमध्ये काढलंस तरी खुर्चीला अधिभार सव्वादोनशेच्या वर जात नाही. शनिवारी सकाळी निघालीस तर दुपारचं जेवण आईच्या हातचं, जरा उशिराने. एक रात्र कमी मिळते, हा तिचा तोटा.

गाडी, बर्थ काहीच सोडायचं नसेल तर खात्री सोड. आता गाडीचा पहिला तक्ता आठ-दहा तास आधी लागतो. तक्ता लागला की उरलेल्या जागा, म्हणजे कुणी ऐनवेळी रद्द केलेल्या, न वापरलेल्या कोट्यातल्या, करंट बुकिंगला येतात. त्या गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत मोबाइलवर किंवा खिडकीवर मिळतात आणि त्यांना तत्काळचा अधिभार लागत नाही. दिवाळीत, मे महिन्यात, लग्नसराईत याचं नावही काढू नकोस. एरवीच्या आठवड्यात मात्र बॅग भरून ठेवायची, तक्ता लागला की बघायचं. मिळालं तर पुणे स्टेशन, नाही तर वाकडेवाडी. करंट बुकिंग उघडतं तेव्हा तू कामावर असशील, म्हणून बॅग सकाळीच बरोबर घेऊन जा.

एकटीने जाणाऱ्या बाईसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती कितीतरी जणींना ठाऊकच नसते. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसमध्ये स्लीपरला सहा बर्थ महिला कोट्याचे असतात, वयाची अट नाही. तिकीट काढताना ‘जनरल’च्या जागी ‘लेडीज’ कोटा निवडायचा. भाडं नेहमीचंच. जनरलमध्ये वेटिंग दिसतं तेव्हा इथे एखादा बर्थ शिल्लक असू शकतो. पुण्याहून निघणाऱ्या गाड्यांत आणि कोल्हापूरहून येणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्येही आधी हे बघ, मग तत्काळच्या मागे लाग.

आणि हो, उलटीही युक्ती आहे, सांगू की नको असं वाटतंय. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (ऑक्टोबर २०२४ पर्यंत एकशेवीस होतं). महिन्यातल्या एका शुक्रवारचं साधं स्लीपर आधीच काढून ठेवायचं. त्या आठवड्यात ड्युटी लागली तर रद्द करायचं. तीन-चार दिवस आधी रद्द केलं तर स्लीपरला १२० रुपये कापतात, उशीर केला तर जास्त, आणि चार्ट बुधवारी लागला तरी तू त्या उशिरातच येशील. जायलाच मिळालं नाही तरी अशी दोन-तीन तिकिटं रद्द करून प्रीमियमच्या एका फेरीएवढाही खर्च होत नाही. पण सगळ्याच जणांनी महिन्यातल्या चारही शुक्रवारचे बर्थ अडवून ठेवले तर ऐनवेळी निघणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या लेकीला वेटिंग लागेल, म्हणून मी म्हणते, महिन्याला एकच. आणि ड्युटी कळली की त्याच मिनिटाला रद्द कर, ताटकळत ठेवू नकोस. तुझा बर्थ वेटिंगवाल्या कुणाला तरी मिळतो.

जनरल डबा? अकोला सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. जनरलचं तिकीट हाच खरा ऐनवेळचा प्रवास, आजही सगळ्यात स्वस्त, आणि लाखो माणसं तसंच जातात. रात्री एकटीने तुला मी तो सांगणार नाही. दिवसा, बरोबर कुणी असेल तर तुझं तू ठरव. जनरलचं तिकीट काढून स्लीपरमध्ये शिरायचं आणि टीसीपुढे रडका चेहरा करायचा, हा सल्ला तुला मैत्रिणी देतील. जागा रिकामी असेल आणि टीसी भला असेल तर फरक भरून भागतं. नाहीतर भाड्याच्या फरकावर किमान अडीचशे रुपये दंड आणि पुढच्या स्टेशनला उतरा. आरक्षित डब्यात वेटिंगवाल्यांनाही आता उभं राहू देत नाहीत.

खासगी ट्रॅव्हल्सबद्दल थोडक्यात. त्या सोयीच्या आहेत, आडवं झोपायला मिळतं, रात्री उशिरापर्यंत सुटतात. फक्त एवढं लक्षात ठेव की राज्य सरकारच्या एप्रिल २०१८ च्या निर्णयाप्रमाणे एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त त्यांना घेता येत नाही. दिवाळीत काय घेतात ते आपण सगळे जाणतो. जास्त घेतलं तर तिकिटाचा फोटो ठेव आणि आरटीओकडे तक्रार कर. तक्रारी होत नाहीत म्हणूनच त्यांचं फावतं.

आता बाबा ७६ आणि आई ७१. तू लिहिलंस, ठणठणीत आहेत, तर देव करो आणि तसेच राहोत. पण ज्या दिवशी खरोखर निघावं लागेल त्या दिवशी शिकायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच ऐकून ठेव. प्रत्येक गाडीत आपत्कालीन कोट्याचे काही बर्थ असतात. आधी वेटिंगचं का होईना तिकीट काढायचं, मग पीएनआर आणि कारण लिहून, शक्यतो दवाखान्याच्या कागदासह, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा. पुण्याला विभागीय कार्यालय आहेच. यासाठी जादा पैसे लागत नाहीत. मंत्री-आमदारांच्या चिठ्ठ्या त्याच रांगेत असतात, हमी कुणी देत नाही, पण आजारपण आणि मयत ही कारणं तिथे धरली जातात. अर्ज आदल्या दिवशी पोचला पाहिजे, त्याच दिवशीचा चालत नाही. तेवढाही वेळ नसेल, तर ती रात्र प्रीमियम तत्काळची आहे. त्या रात्री भाव बघायचा नाही, आणि नंतर त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही.

राहिली चैन. नऊ वर्षं दुसऱ्या गावात नोकरी आणि संसार केलेल्या बाईला शुक्रवारी संध्याकाळी आई आठवली, तर तिला चैन म्हणणाऱ्याशी मी वाद घालायलाही जाणार नाही. पण यजमानांच्या बोलण्यात पैशाचा भाग थोडा खरा असू शकतो. महिनाअखेरीला अचानक एक मोठं तिकीट खात्यातून गेलं की कुणीही दचकतं. किराणा, वीज, मुलांची फी यांच्याबरोबर ‘अकोला’ अशी एक ओळ महिन्याच्या खर्चात लिहून टाका. रक्कम दोघांनी मिळून ठरवा. ज्या महिन्यात तू गेली नाहीस त्या महिन्याचे पैसे तसेच पुढे जाऊ देत. मग एखाद्या वेळी प्रीमियमने गेलीस तरी तो त्या ओळीतला खर्च, तुझा गुन्हा नव्हे.

आणि त्यांचं खातंही आधारशी जोडून घे. पुढच्या वेळी अकराला तुझी चहाची सुटी चुकलीच, तर तिकीट काढायला त्यांना बसव. ‘उपलब्ध’ लाल होताना एकदा त्यांनाही बघू दे. प्लॅनिंगवर मग सावकाश बोला.

– ताई